‘तब्येत सुधारली’ म्हणतात तेव्हा



या व्यासपीठावरून इतिहास, शेती, नाटक, राज्यघटना अशा विषयांवर जाणकार बोलून गेले आहेत. मी आतड्यांच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. माझा विषय सभेत काढायचा नसतो असं आपल्याकडे धरून चालतात. शौच, रक्त, पोटावरची पिशवी आणि या सगळ्यापायी माणसाला स्वतःच्याच शरीराबद्दल काय वाटू लागतं, हा तो विषय. तो चारचौघांत काढायचा नाही, या संकेताची किंमत माझ्या रुग्णांनी फार वर्षं मोजली आहे. म्हणून संयोजकांनी विचारलं तेव्हा मी हाच विषय सांगितला. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आधी आजाराची ओळख करून देते. आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे दोन मुख्य आजार आहेत. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो, गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढत जातो. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधला काही भाग निरोगी सोडून पुढे उगवतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरू शकतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. लेखकांची नावं अकारविल्हे छापली होती, म्हणून आजाराला नाव क्रोन यांचं मिळालं. दोन्ही आजार बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात डोकं वर काढतात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मूल हे सगळं ऐन भरात असताना. कधी भडकतात, कधी शांत होतात, पण औषधांनी मुळापासून जात नाहीत. हे गोऱ्या लोकांचे आजार आहेत, आपल्याकडे क्वचित दिसतात, असा समज पुष्कळ वर्षं होता. पंजाबात घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. तो समज तिथेच संपायला हवा होता.

आजार भडकला की दिवसातून दहा-बारा वेळा संडासला धावावं लागतं. रक्त पडतं, आव पडते, पोटात कळा येतात. हे सगळं घरातल्या घरात चालतं. बाहेरच्यांना दिसतं ते एवढंच, की माणूस वाळत चालला आहे.

वाळलेल्या माणसाबद्दल आपला समाज काय बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. काय गं, किती बारीक झालीस! सासरी जेवायला घालत नाहीत का? पुरुषाला तर थेट पाप्याचं पितर म्हणतात. त्यातून आपल्या देशात क्षयाची भीती मोठी, आणि ती विनाकारण नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांच्यात फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. दुर्बिणीतून दिसणारे व्रण सारखे, ताप सारखा, वजन घटणं सारखं. त्यामुळे क्रोन्सच्या कित्येक रुग्णांना आधी क्षयाची औषधं दिली जातात, आणि शंका राहते तेव्हा ती देणं अनेकदा रास्तही असतं. पण त्या काही महिन्यांत घरात जे घडायचं ते घडून जातं. ताट-वाटी वेगळी होते, लहान मुलांना जवळ येऊ देत नाहीत. पुढे निदान बदलतं, ताट परत सगळ्यांच्या ताटांत मिसळतं. पण आपल्या शरीराला इतरांनी हात लावू नये ही भावना त्या माणसाच्या मनात एकदा बसली, की ताटाबरोबर ती जात नाही.

या आजारांवर पहिला जोरकस उपाय सापडला तो स्टेरॉइडचा. कॉर्टिसोनच्या कामासाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. ऑक्सफर्डचे ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी घेतली आणि १९५५ साली निष्कर्ष छापले. तीव्र कोलायटिसने मरणारी माणसं या औषधाने वाचू लागली. आजही आजार जोरात उसळला की आम्ही बहुधा प्रेडनिसोलोनच लिहून देतो. रुग्ण त्याला वायसोलोन म्हणतात, कारण पाकिटावर तेच नाव असतं. रक्त थांबतं, भूक लागते, माणूस अंथरुणातून उठतो. या गोळीचं ऋण मी कधीच नाकारणार नाही.

पण ती गोळी शरीरातली चरबी जागची हलवते. चेहरा गोल होतो, गाल वर येतात, मानेच्या मागे उंचवटा येतो, पोट सुटतं. हातपाय मात्र काटक्याच राहतात. पाठीवर आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, मुलींच्या ओठावर आणि हनुवटीवर लव दिसू लागते, मांड्यांवर आणि पोटावर जांभळट रेघा उमटतात. त्याच सुमाराला केस गळायला लागतात. मोठं आजारपण होऊन गेलं की दोन-तीन महिन्यांनी केस झडतात हा शरीराचा सर्वसाधारण क्रम आहे, पण रुग्णाला तो कोणी आधी सांगितलेला नसतो. आंघोळीच्या वेळी हातात आलेला केसांचा पुंजका पाहून मुली ओक्साबोक्शी रडतात.

नेमक्या याच दिवसांत शेजारीण घरी येते आणि म्हणते, अगंबाई, तब्येत सुधारली की! गाल बघ कसे भरलेत!

तिच्या बोलण्यात माया असते. आपल्याकडे भरलेले गाल म्हणजे सुख, गुटगुटीत बाळ म्हणजे कर्तबगार आई. शेजारीण त्या समजुतीनेच बोलते. ऐकणारीला मात्र कळत असतं की हा चेहरा आपला नाही, तो औषधाचा आहे, आणि आतून आपण अजून आजारीच आहोत. वाळलेली होती तेव्हा लोकांनी कीव केली, सुजली तेव्हा कौतुक केलं, आणि दोन्ही वेळा चुकीचं केलं. तिला खरं बोलायला जागा कुठेच मिळाली नाही. माझ्या कामात मी पाहिलेल्या एकाकीपणात हा प्रकार फार खोलवर बसलेला असतो.

आता याचा वैद्यकीय परिणाम सांगते, कारण काही सहकारी मला म्हणतात की दिसण्याचं काय एवढं मनावर घ्यायचं, जीव वाचला हे महत्त्वाचं. लग्न दोन महिन्यांवर आलेली मुलगी असते. साखरपुड्याचे फोटो आले, तिने स्वतःचा चेहरा पाहिला आणि कोणालाही न सांगता वायसोलोन बंद केली. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवायचं थांबलेलं असतं. गोळी एकदम बंद झाली की रक्तदाब कोसळतो, उलट्या सुरू होतात, प्रसंगी जीव जातो. ही गोळी हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची असते. अशा मुली बेशुद्धावस्थेत अपघात विभागात आल्याचं मी पाहिलं आहे. तेव्हा दिसणं आणि जगणं ही दोन वेगळी खाती आहेत असं कोणी मला सांगू नये.

उपाय आहे, आणि तो साधा आहे. गोळी सुरू करताना सांगायचं: तुझा चेहरा काही आठवड्यांत गोल होईल, गोळी उतरली की काही महिन्यांत पूर्ववत होईल, रेघा फिकट होतील पण पुरत्या जाणार नाहीत, केस परत येतील. आणि गोळी मनाने बंद करावीशी वाटली तर आधी मला फोन कर, मी रागावणार नाही. एवढं बोलायला पाच मिनिटं लागतात. शिवाय स्टेरॉइड हे आग विझवण्याचं औषध आहे, वर्षानुवर्षं चालवायचं नाही. आजार शांत ठेवायला अझाथायोप्रिनसारखी औषधं आहेत, त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. इन्फ्लिक्सिमॅब हे जैविक औषध अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी मंजूर झालं, त्यानंतर त्या जातीची आणखी औषधं आली. ती महाग आहेत. म्हणून आपल्याकडे गरीब रुग्ण स्टेरॉइडवर जास्त काळ राहतो आणि त्याचा चेहराही जास्त काळ परका राहतो. शरीराबद्दलचं दुःख पैसेवाल्यांच्या चोचल्यांपैकी आहे असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

माझ्या मते इथे एक गफलत नेहमी होते. शरीरप्रतिमा म्हटलं की सगळे आरशाकडे बघतात. दिसणं, वजन, रंग, व्रण. ब्रिटनमध्ये हॉपवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. कपडे काढल्यावर स्वतःकडे बघणं जड जातं का, दिसण्यामुळे लोकांना टाळता का, शरीर अपुरं झालंसं वाटतं का, असे ते प्रश्न आहेत. पुढे आतड्याच्या आजारांतही तीच वापरली गेली. प्रश्न चांगले आहेत, मी ते वापरते. पण आतड्याच्या रुग्णाचं अर्धं दुःख त्यांत येत नाही, कारण ते डोळ्यांना दिसणारं नाही. ते आवाजाचं आहे, वासाचं आहे, आणि सगळ्यांत जास्त भरवशाचं आहे. वर्ग चालू असताना पोट गुरगुरेल का? बसमध्ये कळ आली आणि थांबवता आली नाही तर? अगदी देखणी, सडपातळ, अंगावर ओरखडाही नसलेली बाई असते, आणि तिला आपलं शरीर घाणेरडं वाटत असतं. बाहेरून काहीच बिघडलेलं नसल्यामुळे तिच्या घरच्यांना तिची तक्रारच कळत नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नाही. एसटी स्टँडवरचं कसं असतं ते सांगायला नको. त्यामुळे नोकरीला जाणारा रुग्ण सकाळी खाणंच सोडतो. काही जण दुपारचा डबाही तसाच परत नेतात. आजार औषधाने आटोक्यात आला तरी हा माणूस वाळतच राहतो, आणि आम्ही औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवत बसतो. खरं कारण स्टेशनवर असतं. क्रोन्सच्या काही रुग्णांना गुदद्वाराजवळ भगंदर होतो, पू येत राहतो, खुर्चीवर सरळ बसवत नाही. कपड्यांआड असल्यामुळे तो कोणालाच दिसत नाही, आणि नवरा-बायकोच्या नात्यात मात्र कायम मधे उभा असतो.

ऑस्ट्रेलियातल्या दोनशेहून अधिक रुग्णांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. आजारामुळे आपली शरीरप्रतिमा बिघडली असं सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांनी सांगितलं. बायकांमध्ये हे प्रमाण चारात तीन होतं. पुरुषांमध्येही निम्म्यांच्या वर होतं, आणि पुरुषांना हे आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्यात प्रमाण बरंच जास्त होतं, पण ज्यांच्या पोटाला चाकूही लागला नव्हता त्यांच्यातले निम्मेही हेच सांगत होते. मला याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला, २०१५ सालचा अभ्यास. तिथे नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा पुढे मागोवा घेतला. आजार उतरत गेला. शरीराबद्दलची नाराजी मात्र त्या प्रमाणात उतरली नाही.

आमच्या पेशाने हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा. दुर्बिणीत आतडं स्वच्छ दिसलं, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, की आम्ही फाइल मिटतो. रुग्णाचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा त्याच तारखेला परत येतो असं आम्ही गृहीत धरतो. तो येत नाही. त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं, आणि त्याची सुरुवात विचारण्यापासून होते.

आता पिशवीबद्दल. कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला, आतडं फाटायची वेळ आली किंवा कर्करोगाची चिन्हं दिसली, की मोठं आतडं काढून टाकावं लागतं. मग लहान आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून टाके घालतात. त्याला स्टोमा म्हणतात. तो लाल आणि ओलसर असतो, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही. त्याला दार नसतं, त्यामुळे मल आणि वायू केव्हा बाहेर पडेल ते रुग्णाच्या हाती नसतं. म्हणून त्यावर पिशवी चिकटवतात आणि दिवसातून काही वेळा ती रिकामी करतात.

१९५०च्या आधी हे टोक त्वचेच्या पातळीवरच ठेवत. लहान आतड्यातला पाचक रस त्वचा जाळत असे आणि रुग्णाच्या पोटाचं कातडं सोलून निघे. बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली: आतड्याचं टोक बाहीसारखं उलटं दुमडून टाके घालायचे, म्हणजे एक छोटी तोटी तयार होते आणि रस त्वचेला न लागता पिशवीत पडतो. आज जगभर हेच करतात. डेन्मार्कमध्ये एलिस सोरेन्सेन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीला स्टोमा झाला होता आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. १९५४ साली एलिसला सुचलं की पिशवी त्वचेला चिकटणारी आणि वापरून टाकून देता येण्यासारखी हवी. एका प्लास्टिक कारखानदाराने, स्वतः परिचारिका असलेल्या बायकोच्या आग्रहावरून, ती बनवली. अमेरिकेत क्लीव्हलँडला नॉर्मा गिल नावाच्या बाई होत्या. त्यांना तीव्र कोलायटिस होता, त्यापायी त्वचेवरही जखमा झाल्या होत्या, आणि त्यांचं आतडं डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांनी काढलं. बऱ्या झाल्यावर त्या इतर स्टोमा रुग्णांना मदत करू लागल्या. १९५८ साली टर्नबुल यांनी त्यांना रुग्णालयात नेमलं आणि स्टोमाची निगा हा एक स्वतंत्र पेशा उभा राहिला. आजार भोगलेल्या बाईने आणि आजार जवळून पाहिलेल्या बहिणीने या क्षेत्राला जे दिलं, ते आम्हा शल्यविशारदांच्या देण्याहून कमी नाही असं मी मानते.

पोटावर स्टोमा कुठे बसवायचा, या एका गोष्टीवर मी आज थोडी जास्त बोलणार आहे. रुग्णाची पुढची वर्षं कशी जाणार हे त्या जागेवर ठरतं. जागा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, रुग्ण आडवा आणि बेशुद्ध असताना ठरवायची नसते. आदल्या दिवशी ठरवायची असते, पेनाने खूण करून. रुग्णाला उभं करायचं, खुर्चीवर बसवायचं, वाकायला सांगायचं. जिथे वळी पडते तिथे खूण नको, जुन्या व्रणावर नको, हाडाच्या कडेला नको. रुग्णाला मान वाकवून स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी जागा हवी. परदेशी पुस्तकांत पँटच्या पट्ट्याची जागा टाळा असं लिहिलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका साडी नेसतात. परकराची नाडी नेमकी कुठे बसते, निऱ्या कुठे खोचल्या जातात, ते प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून मी त्यांना घरची साडी नेसूनच यायला सांगते. खुरपणी करणारी बाई दिवसभर उकिडवी असते. तिला उकिडवं बसवून खूण करावी लागते. भजनाला मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्या आजोबांचं पोट उभं असताना एक असतं, मांडी घातल्यावर दुसरंच होतं. हे सगळं पाहून खूण केली तर पिशवी गळत नाही, नाडी काचत नाही, साडीखाली काही आहे हे कोणाला कळतही नाही. न पाहता केली तर तीच बाई आयुष्यभर गाऊन घालून घरात बसते. साडी सोडावी लागणं ही तिच्यासाठी लहान गोष्ट नसते. हळदीकुंकवाला जाणं त्यात जातं, मुलीच्या लग्नात मिरवणं त्यात जातं.

शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्यांदा पट्टी सुटते तेव्हा बहुतेक रुग्ण मान फिरवतात. फिरवू द्यावी. पहिल्या दिवशी बघायला लावण्याची घाई मला पटत नाही. नातेवाइकांना मात्र मी तेव्हाच सांगते: नाकाला पदर लावू नका. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने किंवा आईने पिशवी रिकामी करताना चेहरा कसा केला होता, ते रुग्ण वर्षांनंतरही विसरलेले नसतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी प्रश्नावलीत सापडणार नाही. सोवळं-ओवळं. मल शरीराच्या पुढच्या बाजूला, चोवीस तास, अंगावर बाळगून देवघरात कसं जायचं? हा प्रश्न मला शिकलेल्या माणसांनी विचारला आहे, न शिकलेल्यांनीही. पूजेला बसणं सोडलेले गृहस्थ मला भेटले, स्वतःच्या नातवाला मांडीवर घेणं सोडलेल्या आज्या भेटल्या. मी त्यांना सांगते की मल तुमच्या पोटात आधीही होता, प्रत्येकाच्याच असतो. तुमचा आता बंद पिशवीत आहे. काहींना ते पटतं. काहींना नाही पटत, त्यांच्याशी वाद न घालता मी त्यांची गाठ अशा दुसऱ्या रुग्णाशी घालून देते, जो पिशवीसकट वारीला जाऊन आलेला असतो. माझ्या शब्दांनी जे होत नाही ते त्या भेटीने होतं. ब्रिटनमध्ये बेथनी टाउनसेंड या क्रोन्सच्या रुग्ण असलेल्या तरुणीने २०१४ साली बिकिनीतला, पोटावरच्या पिशव्या दिसणारा फोटो प्रसिद्ध केला आणि तो जगभर पाहिला गेला. त्या धैर्याबद्दल मला आदर आहे. आपल्याकडच्या मुलीने तसंच करावं असा माझा आग्रह मुळीच नाही. एका खोलीत, दार लावून, तेच भोगलेल्या दुसऱ्या बाईसमोर पदर बाजूला करणं हेही तेवढंच मोठं आहे.

लग्नाबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं, आणि बहुतेकदा मुलीचे वडील, मुलगी बाहेर बसलेली असताना विचारतात. लपवावं का? माझं उत्तर ठरलेलं आहे: लपवू नका, आणि हा निर्णय मुलीचा आहे, तिला आत बोलवा. आजार शांत असताना गर्भधारणेची शक्यता इतर बायकांइतकीच असते. बहुतेक औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र चालत नाही, ते आधीच बंद करावं लागतं. स्टोमा असलेल्या बायकांना मुलं होतात. आतडं काढल्यावर आतच लहान आतड्याची थैली बनवून ती गुदद्वाराला जोडण्याची शस्त्रक्रिया लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकल्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. कोलायटिसच्या अनेकांची पिशवी तिच्यामुळे सुटते. पण त्या शस्त्रक्रियेनंतर बाईला दिवस राहणं अवघड होऊ शकतं. हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते तिला स्वतःला सांगितलं गेलं पाहिजे.

मुलग्यांबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. लहानपणी क्रोन्स झालेल्या मुलाची उंची खुंटते, वयात येणं लांबतं. दहावीतला मुलगा सातवीतला दिसतो. मिसरूड फुटलेल्या मित्रांच्या घोळक्यात त्याचा आवाज अजून कोवळा असतो. सूज, उपासमार आणि स्टेरॉइड ही तिन्ही कारणं त्यामागे असतात. हाडांची टोकं एकदा जुळली की राहिलेली उंची परत मिळत नाही, त्यामुळे इथे वेळेला फार महत्त्व आहे. सहा ते आठ आठवडे मुलाला फक्त द्रवरूप पोषक आहारावर ठेवलं तर पुष्कळ मुलांमध्ये स्टेरॉइडशिवाय आजार शांत होतो. मुलाची उंची वयाबरोबर वाढत नसेल आणि अधूनमधून पोट दुखत असेल, तर ‘आमच्या घराण्यात सगळे उशिरा वाढतात’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे उंचीचा आलेख मागा.

माझ्या सहकारी डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे, की दर भेटीला एक प्रश्न विचारा: आजारामुळे तुमच्या शरीराबद्दल तुम्हाला काय वाटतं? रुग्ण कदाचित पहिल्या वेळी काही नाही म्हणेल, दुसऱ्या वेळीही म्हणेल. पण इथे हे बोलता येतं, एवढं त्याला कळेल. उत्तर जड निघालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि पाठवताना तुमच्या डोक्यात आहे, पोटात काही नाही असं चुकूनही म्हणू नका.

श्रोत्यांत जे कोणाचे शेजारी, मावश्या, काका आहेत, म्हणजे आपण सगळेच, त्यांना विनंती आहे. कोणाच्याही वजनावर, गालांवर, केसांवर बोलून गप्पांना सुरुवात करू नका. कशी आहेस, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

शेवटी एक मागणी. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा रुग्णांसाठी वेगळी सोय आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने पिशवी गळते म्हणून मुंबई गाठायची का? २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्टोमाचा वेगळा उल्लेख नाही. चांगली पिशवी रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही, म्हणून लोक प्लास्टिकची साधी पिशवी दोऱ्याने बांधतात आणि कातडी सोलून घेतात. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्टोमाची निगा शिकलेली निदान एक परिचारिका नेमावी आणि गरजू रुग्णांना पिशव्या मोफत मिळाव्यात, ही मागणी मी या व्यासपीठावरून करते. आरोग्य खात्यातले कोणी इथे बसले असतील तर त्यांनी ती वर पोहोचवावी. त्या परिचारिकांना शिकवायला मी येईन, कोणत्याही जिल्ह्यात, मानधन न घेता.